कृपया सुरक्षित अंतर ठेवा

भंगारवाल्याच्या दारात स्वतःची एखादी जुनी वस्तू दिसली की माणूस हळहळतो. मला तिथे माझं अख्खं काउंटर दिसलं.

मी एका पतपेढीत ३१ वर्षं कॅशियर होतो. त्यातली शेवटची दोन वर्षं करोनाची. २०२० साली टाळेबंदी सैल झाली तेव्हा आमच्या पाचही काउंटरांवर अॅक्रिलिकचे पडदे उभे राहिले. पैसे आणि पासबुक सरकवायला खाली एक अर्धगोल खाच होती, पण बोलण्यासाठी भोकं ठेवायची राहून गेली होती. बाहेर खातेदार तोंड उघडायचे, मिटायचे. मला काही ऐकू यायचं नाही. आत मी तोंड उघडायचो, मिटायचो. त्यांना काही ऐकू यायचं नाही. मग ते मास्क हनुवटीवर घेऊन, पडद्याला वळसा घालून माझ्या कानाशी यायचे, तिथे खच्चून ओरडायचे आणि पुन्हा शिस्तीत पडद्यापलीकडे जाऊन उभे राहायचे. पडद्यावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘कृपया सुरक्षित अंतर ठेवा’.

२०२२मध्ये मी निवृत्त झालो. पडदेही झाले. मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यांना भंगारवाला मिळाला.

एका रविवारी रद्दी घालायला गेलो, तर पाचही पडदे तिथे भिंतीला पाठ लावून उभे. त्यातला माझा मी लगेच ओळखला. खातेदाराचं लक्ष वेधायला मी पेनाने पडद्यावर टकटक करायचो, त्या ठोक्यांचं गोंदण उजव्या कोपऱ्यात तसंच होतं. भंगारवाला म्हणाला, “पाचाचे पाचशे.” मी म्हणालो, “तीनशे.” तो इतक्या चटकन “न्या” म्हणाला, की आपण दोनशे म्हणायला हवं होतं हे कळायला मला कॅशियर असण्याची गरज नव्हती.

आता याचं करायचं काय, हा प्रश्न मला टेम्पोत बसल्यावर पडला. उत्तर सापडायच्या आत घर आलं. दारात बायको उभी होती आणि तिने नेमका तोच प्रश्न विचारला.

“फिशटँक,” मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातले बरेचसे मोठे निर्णय असेच दारात झालेले आहेत.

तोंडातून शब्द गेला म्हटल्यावर त्याला पूर्वपीठिका देणं भाग होतं. मी तिला लहानपणची सहल सांगितली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय होतं, १९५१ सालचं. आम्ही चाळीस मुलं काचांना नाकं लावून उभे होतो आणि मासे आमच्याकडे बघत होते. “तेव्हापासून मनात आहे,” मी म्हणालो. “आणि २०१५मध्ये तिथे माशांच्या पोटाखालून चालत जायचा बोगदा केला ना, तो कशाचा होता माहितीये? काचेचा नाही. अॅक्रिलिकचा!”

“तोही भंगारातून आणला होता का?” तिने विचारलं.

रात्री मी अॅक्रिलिकविषयी वाचायला बसलो. स्वस्तात घेतलेल्या वस्तूचं कुळ नंतर शोधायला फार बरं वाटतं. अॅक्रिलिकचं कुळ तर खानदानी निघालं. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, आणि प्रकाशाचा ९२ टक्के भाग आरपार जाऊ देणार. १९३०च्या दशकात बाजारात आलं आणि लगोलग दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छतांवर जाऊन बसलं. त्या छतांच्या चिलटाएवढ्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसून राहिल्या, तरी डोळे कुरकुरले नाहीत, हे हॅरॉल्ड रिडली नावाच्या इंग्लिश डॉक्टरने हेरलं. त्यावरून १९४९मध्ये लंडनमध्ये त्याने मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात अॅक्रिलिकचं भिंग बसवलं. आमच्या सासऱ्यांची कवळीसुद्धा याच घराण्यातली. थोडक्यात, हा पदार्थ माणसाच्या डोळ्यातही सलत नाही. अपवाद माझ्या बायकोचा. तिच्या डोळ्यात तो हॉलमध्ये आल्याच्या क्षणापासून सलत होता.

कागदावर टाकी सोपी होती. लांबी ९० सेंटीमीटर, रुंदी ४०, उंची ४५. चार पडद्यांतून तळ आणि चार भिंती, पाचव्याचं झाकण. झाकणात मी ती अर्धगोल खाच तशीच ठेवली. माशांना खाणं टाकायला आयती खिडकी! पतपेढीने माझ्या निवृत्तीनंतरची सोय आधीच करून ठेवली होती असं मला वाटलं.

कापायला मेहुण्याने जिगसॉ आणला. मेहुणा उत्साही आहे आणि त्याचं वजन ९१ किलो आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जिगसॉचं पातं चाललं की तापतं आणि अॅक्रिलिक तापलं की वितळतं, हे आम्हाला अर्धा तास गेल्यावर समजलं. मेहुणा पुढे कापत जात होता आणि कापलेलं मागच्या मागे पुन्हा चिकटत होतं. “दाजी, झालं!” म्हणून त्याने घाम पुसला तेव्हा पडदा अखंड होता, मधोमध फक्त एक सुजलेली शिवण उमटली होती. मग हार्डवेअरच्या दुकानातून आकडीसारखं टोक असलेला साधा कटर आणला. पट्टी धरून त्याने वीसेक वेळा ओरखडायचं आणि टेबलाच्या कडेवर ठेवून कडकन मोडायचं. शेंगदाण्याची चिक्की मोडतात तसं. हे जमलं, कारण यात यंत्र नव्हतं.

जोडायला मी सिलिकॉन आणलं. काचेच्या सगळ्या टाक्या सिलिकॉननेच जोडतात, मग इथे का नाही? दोन दिवस वाळू दिलं आणि तिसऱ्या दिवशी टोक धरून बघितलं, तर सगळं सिलिकॉन दुधावरच्या सायीसारखं अलगद हातात आलं.

शेवटी एक तुकडा घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या पाट्यावाल्याकडे गेलो. पाट्या आणि नंबरप्लेटा करण्यात त्याचा जन्म गेला आहे. त्याने तुकडा उजेडात तिरपा धरला. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा चमकल्या.

“यावर सॅनिटायझर मारत होता का?”

“दिवसातून चार वेळा.”

“मग तडकणारच. अॅक्रिलिकला स्पिरिट सोसत नाही.”

म्हणजे दोन वर्षं आम्ही ज्याच्या आडोशाने जीव वाचवत होतो, त्याचाच जीव रोज चार वेळा घेत होतो. गंमत पुढेच आहे. ती निळी अक्षरं मी सोलून काढली होती, पण अक्षरांच्या आड सॅनिटायझर पोचलाच नव्हता. त्यामुळे सगळा पडदा धुरकटलेला आणि अक्षरांपुरती जागा लख्ख. स्टिकर गेला, मजकूर राहिला. माझ्या भावी मत्स्यालयाच्या दर्शनी भिंतीवर स्वच्छ वाचता येत होतं, ‘कृपया सुरक्षित अंतर ठेवा’. मी घरातली अर्धी टूथपेस्ट त्यावर घासली. टूथपेस्टने बारीक ओरखडे जातात, हे खरं आहे. पण पुण्यात लिहिलेली पाटी टूथपेस्टने जात नाही.

पाट्यावाल्याने जोडायचं तंत्र सांगितलं ते एका वाक्यात. “काका, काच चिकटवतात. अॅक्रिलिक विरघळवतात.” त्याने तपकिरी बाटलीतून थोडं क्लोरोफॉर्म दिलं, बारीक सुईची सिरिंज दिली आणि सगळी दारं-खिडक्या उघडून गॅलरीत बसायची ताकीद दिली. जुन्या सिनेमात खलनायक रुमालावर जे ओततो, तेच हे. बायकोने त्या दिवशी घरातले सगळे रुमाल मोजून कपाटात ठेवले.

हे काम मात्र बघण्यासारखं असतं. आधी कडा अशा घासायच्या की एकीवर दुसरी उभी केली तर मधे केसाएवढीही फट दिसता कामा नये. खिडकीच्या काचेवर पॉलिशपेपर पसरून मी चार संध्याकाळी कडा घासल्या. मग तुकडे काटकोनात उभे केले, श्वास रोखून सुईचं टोक सांध्याला लावलं आणि थेंब सोडला. थेंब सांध्यात शिरला आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा आपल्या आपण पुढे पळत गेला. त्याच्यामागे एक काळसर ओली रेघ उमटत गेली. जिथे ती रेघ गेली तिथे दोन तुकड्यांचा एक तुकडा झाला. मी ३१ वर्षं कर्जाच्या कागदांवर जामीनदार जोडत होतो, पण इतका पक्का जोड कधी बघितला नव्हता.

फक्त मागच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे मेहुण्याने कड घासली होती, तिथे रेघ मधेच थांबली आणि चांदीच्या टिकल्यांसारखे चार-पाच बुडबुडे दिसले. “दाजी, शोभून दिसतंय,” मेहुणा म्हणाला.

शनिवारी टाकी लोखंडी स्टँडवर चढवली आणि काठोकाठ पाणी भरलं. १६२ लिटर. एक चमत्कार बायकोलाही मान्य करावा लागला. अॅक्रिलिकच्या आतल्या बाजूचे सगळे ओरखडे पाण्यात नाहीसे झाले. प्रकाशाला वाकवण्याच्या बाबतीत अॅक्रिलिक आणि पाणी हे हवेपेक्षा एकमेकांचे जवळचे नातेवाईक, म्हणून ओरखड्याचा खड्डा पाण्याने भरून काढला की तो डोळ्याला दिसेनासा होतो. म्हणजे मजकूर आतल्या बाजूला घेतला असता तर तोही बुडाला असता. हे सुचलं तेव्हा टाकी जोडून आठवडा झाला होता.

दुसरा चमत्कार तासाभराने लक्षात आला. टाकीचं पोट सुटलं होतं. समोरच्या भिंतीला आडवी पट्टी लावली, तर मधोमध भिंत चांगली दीड सेंटीमीटर पुढे आलेली. मी पट्टी लावून टाकीचं पोट मोजत होतो आणि बायको नुसत्या नजरेने माझं.

रात्री झोपताना टाकी ठीक होती. पहाटे पाचला फोन वाजला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी.

“भाऊजी, तुमच्याकडे काय चाललंय माहीत नाही, पण आमच्या देवांना मघापासून अभिषेक सुरू आहे.”

हॉलमध्ये गेलो तर शोभून दिसणाऱ्या बुडबुड्यांच्या जागेतून पाण्याची एक दोऱ्यासारखी धार शांतपणे भिंतीकडे चालली होती. टाकी अर्धी रिकामी झाली होती. उरलेलं पाणी आम्ही बादल्यांनी उपसलं आणि उजाडल्यावर मी फेण्यांचा डबा घेऊन खाली गेलो. वहिनी समजूतदार आहेत. त्या म्हणाल्या, “गळणं सोसायटीला नवीन नाही. पण आत्तापर्यंत निदान पाऊस पडल्यावर गळायचं.”

मेहुण्याने सांत्वन म्हणून मला एक जुनी बातमी पाठवली. बर्लिनमधल्या एका हॉटेलात १४ मीटर उंचीचं, गोल खांबासारखं अॅक्रिलिकचं मत्स्यालय होतं. १६ डिसेंबर २०२२च्या पहाटे ते फुटलं. दहा लाख लिटर पाणी आणि दीड हजारांच्या आसपास मासे हॉटेलातून थेट रस्त्यावर आले. खाली मेहुण्याने लिहिलं होतं, ‘दाजी, त्यांचे तर इंजिनिअर होते.’ मला बरं वाटलं. मग एकदम अजिबात बरं वाटेना.

अखेर मेहुण्याच्या मुलीने कागद-पेन्सिल घेतली. ती इंजिनिअरिंगला आहे. “आतोबा, पाण्याचा दाब पाणी किती लिटर आहे त्यावर ठरत नाही. ते किती उंच उभं आहे त्यावर ठरतो,” तिने सांगितलं. मग दोन ओळींत गणित केलं. ४५ सेंटीमीटर पाणी असताना समोरच्या एका भिंतीवर पडणारा जोर सुमारे ९१ किलो.

“म्हणजे असं समजा, बाबा त्या भिंतीला चोवीस तास रेलून बसलेत.”

मी मेहुण्याकडे बघितलं. तो त्या वेळी माझ्या सोफ्याला रेलून बसला होता आणि सोफ्याचंही पोट सुटलं होतं.

“आणि काचेच्या मानाने अॅक्रिलिक वीसेक पट सहज वाकतं,” तिने पुढे सांगितलं. “तुमचा पडदा पाच मिलिमीटरचा. एवढ्या उंचीला याच्या दुप्पट तरी जाडी हवी, आणि वरून चारी बाजूंनी पट्ट्यांची चौकट.” माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. “पण पाणी निम्मंच भरलंत, तर जोर निम्मा नाही होत. पाव होतो. कारण उंचीबरोबर दाबही कमी आणि दाब पडायची जागाही कमी.”

निम्म्या मुदलावर पाव व्याज! ३१ वर्षांत अशी योजना एकाही खातेदाराला मी देऊ शकलो नव्हतो. ९१ किलोंचे २२-२३ किलो झाले. म्हणजे मेहुणा उठला आणि त्याच्या जागी वरच्या मजल्यावरचा दुसरीतला बंड्या येऊन बसला. पाट्यावाल्याने बुडबुड्यांचा कोपरा आतून अॅक्रिलिकची पट्टी लावून बुजवला, उरलेल्या तुकड्यांची वर चौकट बसवली, आणि टाकी वीतभर पाण्यावर सुखाने उभी राहिली. वरची अर्धी रिकामी. बघणाऱ्याला वाटावं, पाणीकपात चालू आहे. आमच्या शहरात ते कोणाला खटकतही नाही.

तरी मासे लगेच आणायचे नसतात. नव्या टाकीचं पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो माशांना विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंचसं सुसह्य. सरकारी फाइल तीन टेबलांवरून फिरते तसा हा प्रकार, आणि ही टेबलं वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर जिवाणूंना खुराक हवा म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहायचं. मी रोज संध्याकाळी खाचेतून रिकाम्या टाकीत खाणं टाकायचो आणि टक लावून बघत बसायचो. चौथ्या दिवशी बायकोने आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून मेहुण्याला फोन केला.

मधेच आम्ही दहा दिवस गावी गेलो. निघताना मी सवयीने मेन स्विच बंद केला. फिल्टर थांबला, पाणी निवांत झालं आणि खाच उघडीच होती. परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आरोग्य कोठीवरच्या ताई तपासणीला आल्या. त्यांनी कुंड्यांखालच्या ताटल्या बघितल्या, फ्रीजमागचा ट्रे बघितला आणि टाकीवर टॉर्च मारला.

“काका, मासे कुठायत?”

“अजून यायचेत.”

“मग हे वळवळतंय काय?”

मी चष्मा लावून वाकलो. शेकडो अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला उलट्या लटकल्या होत्या. दोन महिन्यांच्या मेहनतीने मी इमारतीतलं सर्वांत पारदर्शक डास उत्पत्ती केंद्र उभारलं होतं. “लोक टायरात पाळतात,” ताई वहीत लिहीत म्हणाल्या, “तुम्ही शोकेसमध्ये पाळलेत.”

पण बाई मोठ्या मनाच्या. नोटिशीच्या ऐवजी दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटलीत सहा गप्पी मासे घेऊन आल्या. अळ्या खातात म्हणून गप्पी फुकट वाटतात. “नदीत-ओढ्यात मात्र सोडू नका, तिथल्या माशांच्या मुळावर येतात,” एवढं बजावून गेल्या. अरोवाना, एंजल, गोल्डफिश अशी जी काही स्वप्नं होती ती तिथेच संपली. संध्याकाळपर्यंत अळ्याही संपल्या.

गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. महिन्याभरात एक मादी वीस-तीस पिल्लं सहज देते, आणि नर नसला तरी साठवणीवर पुढचे काही महिने देत राहते. सहाचे साठ व्हायला दिवाळीसुद्धा उजाडावी लागली नाही. आणि हे सगळं चाललं होतं ‘कृपया सुरक्षित अंतर ठेवा’ या मजकुराच्या बरोबर मागे. पुढे कोणीही पाहुणा आला की आधी ती पाटी वाचायचा, मग टाकीतली गर्दी बघायचा, मग माझ्याकडे बघायचा.

वही काढून मी हिशेब मांडला. पडदे ३००, टेम्पो ४००, कटर आणि पॉलिशपेपर २८०, सिरिंज, रसायन आणि पाट्यावाल्याची मजुरी ३५०, लोखंडी स्टँड २२००, फिल्टर ६५०, वहिनींच्या देवघराचं छत रंगवणं ३५००. एकूण ७६८० रुपये. दुकानात एवढीच काचेची टाकी स्टँडसकट साडेतीन हजारांना होती. मासे मात्र फुकट, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं. बायकोने वही बघितली आणि विचारलं, “टूथपेस्ट धरली का?”

आता संध्याकाळी सहाला मी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसतो. पहिल्या दिवशी लक्ष वेधायला मी सवयीने पेन काढलं आणि उजव्या कोपऱ्यात त्या जुन्या गोंदणावर टकटक केली. साठच्या साठ मासे दचकून मागच्या भिंतीला जाऊन चिकटले. पलीकडून ती टकटक कशी ऐकू येत असेल, हे दोन वर्षांत माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पेन मी खिशात ठेवलं ते ठेवलंच.

खाचेतून चिमूटभर खाणं सरकवतो आणि थांबतो. हळूहळू सगळे खिडकीखाली गर्दी करतात. ढकलाढकली करतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, तोंड वर करून उघडतात, मिटतात. काय म्हणतात ते मला काही ऐकू येत नाही. मी समजल्यासारखी मान डोलावतो.

३१ वर्षांचा सराव आहे.